१२०/८० : वॉर्डातली मास्तरकी आणि पोरांचं वागणं

निवृत्त_शल्यक

मंडळी, दोन वर्षं इथे नुसता वाचक आहे. आज लिहायला निमित्त आमच्या शेजारच्या वाडीतला एक गडी. गेल्या आठवड्यात त्याचं हायड्रोसीलचं (अंडकोशात पाणी साठतं ते) ऑपरेशन झालं, मेडिकल कॉलेजची पोरं शिकतात अशा एका मोठ्या हॉस्पिटलात. कुठलं ते लिहीत नाही. ऑपरेशन उत्तम झालंय आणि तक्रार त्या इमारतीबद्दल नाहीच. भेटायला गेलो तर चहाचा कप पुढे करून म्हणाला, "डॉक्टरांनू, काम बेस केल्यानी. पण थंयसर पोरां येवन इचारीत, ता हायड्रोसील खंय आसा? माझा नाव काय हायड्रोसील हा?"

दोघंही हसलो. घरी आल्यावर आठवलं की मीही जन्मभर 'तेरा नंबरचा हर्निया' असंच म्हणत आलोय.

मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मिरजेला एमबीबीएसला गेलो. तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पोराला डॉक्टर व्हायचं तर घाट चढायचा, नाहीतर मुंबईची एसटी धरायची. पेशंटचंही तेच: कोल्हापूर, मुंबई, आणि सावंतवाडी-बांद्याकडच्यांना बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. आता डेरवणला २०१५ पासून कॉलेज आहे, सिंधुदुर्ग आणि अलिबागला २०२१ पासून सरकारी, रत्नागिरीला २०२३ पासून. चांगलंच झालं. पण याचा अर्थ असाही की पोरं आता आपल्या माणसांच्या अंगावर शिकणार. पहिला हर्निया तपासायचा तो आपल्या काकांचा, पहिली शीर शोधायची ती आपल्या आजीच्या हातावर. तर ती वागणार कशी, आणि हे त्यांना शिकवायचं कोणी?

माझं थोडक्यात सांगतो. एमएस झाल्यावर चार वर्षं इकडेच ग्रामीण रुग्णालयात काढली. फुरसं चावून सुजलेले पाय, एप्रिल-मेमध्ये आंब्यावरून पडलेले, ट्रॉलरच्या विंचमध्ये बोटं गेलेले, आणि गणपती झाल्याशिवाय पोट उघडू न देणारे. मग घाटावरच्या एका कॉलेजात लेक्चरर म्हणून लागलो, सव्वीस वर्षांनी प्रोफेसर होऊन बाहेर पडलो. आता देवगड तालुक्यात असतो, आंब्याच्या कलमांकडे बघतो.

आम्ही शिकत होतो तेव्हा वागणं हा विषय नव्हता. वागणं म्हणजे युनिटचे प्रमुख. आमचे सर थंडीत पेशंटच्या पोटाला हात लावण्याआधी तळवे घासून गरम करायचे. स्टूल ओढून बसायचे, उभ्या उभ्या पेशंटशी कधी बोलले नाहीत. पोट दाबताना नजर त्याच्या चेहऱ्यावर, कारण दुखलं की आधी तिथे दिसतं. हेच सर थिएटरमध्ये आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा) फेकून मारायचे, सिस्टरला रडवायचे. मी दोन्ही शिकलो. हात गरम करणं लगेच आलं, फेकणं लेक्चरर झाल्यावर वर्षभरात आलं. यातलं एक घे आणि एक सोड असं कोणी सांगितलं नाही.

आता वागण्याला अभ्यासक्रम आहे. २०१८ साली मेडिकल कौन्सिलने 'एटकॉम' नावाची पुस्तिका काढली: वृत्ती, नीती आणि संवाद. ऑगस्ट २०१९ च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम आला. सुरुवातीला महिनाभर फाउंडेशन कोर्स, पांढऱ्या कोटाचा समारंभ, शपथ. मी याची थट्टा करणार नाही. माणूस गेल्याचं घरच्यांना कसं सांगायचं हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. मी तशी पहिली बातमी जिन्यात, उतरता उतरता सांगितली होती. पण जर्नल असो की लॉगबुक, त्याचं काय होतं तेही मी पाहिलंय. पोराने प्रत्येक गोष्ट करून दाखवायची आणि मग मास्तरने सही करायची, असा नियम. टर्म संपताना पन्नास वह्या टेबलावर येतात, चहा मागवायचा आणि एका बैठकीत सह्या.

आता खरं ते. साल २००३. राजापूरकडचा एक माणूस, आंबे काढताना पडलेला, घाट चढवून आमच्या कॅज्युअल्टीत आणला. प्लीहा फाटलेली. रात्री आठला मी ती काढली आणि दर तासाला नाडी-बीपी लिहायचं असं पेपरवर स्वतः लिहिलं. सकाळी सहाला औषध द्यायला सिस्टरने हात धरला तर हात गार, घाम, नाडी १४०. चार्ट पाहिला. दहा वाजता बीपी १२०/८०, पुस्तकातलं नॉर्मल, अकराला १२०/८०, बाराला, एकला, पार पाचपर्यंत १२०/८०, नाडी ८०. एकाच पेनाने, एका ओळीत. परत पोट उघडलं तर दीड-दोन लिटर रक्त. जठराकडच्या एका रक्तवाहिनीवरची गाठ निसटली होती. ती गाठ माझी, हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. माणूस वाचला. पाऊस लागायच्या आत स्वतःच्या पायांनी घरी गेला.

चार्ट लिहिणारा इंटर्न होता. डीनने तिघांची समिती नेमली, अध्यक्ष मी. पोरगा बस म्हटलं तरी बसेना. बीपी घेतलं होतंस का? नाही. मग लिहिलंस कसं? बराच वेळ गप्प. मग खाली बघत म्हणाला, "सर, इन्स्पेक्शनला आम्ही दोन वॉर्डांचे पेपर लिहिले होते. सगळ्यांना १२०/८० लिहा म्हणाले होते. तुम्ही राउंडला होता."

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: कॉलेजची मान्यता टिकायला इन्स्पेक्शन होतं, त्यात किती खाटा भरल्यात ते बघतात. आमच्याकडे त्या दिवशी आसपासच्या गावांतून टेम्पोने माणसं आणली होती. जेवण आणि हातावर शंभर रुपये. धडधाकट माणसं खाटांवर झोपवली आणि त्यांचे केसपेपर इंटर्न लोकांनी रात्रभर बसून लिहिले. त्या वॉर्डातून इन्स्पेक्टरबरोबर मी चाललो. एका खाटेपाशी थांबून त्या माणसाचं पोटही तपासलं. हात गरम करून.

पोराची इंटर्नशिप एक महिना वाढली. ते वाक्य मी इतिवृत्तात येऊ दिलं नाही. बाकीचे दोघंही काही बोलले नाहीत. सह्या झाल्या.

२००५ साली मॅक्सिन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. अमेरिकेतल्या राज्य मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केलेले २३५ डॉक्टर, तीन कॉलेजांतून शिकलेले, आणि तुलनेला कारवाई न झालेले ४६९. सगळ्यांच्या विद्यार्थिदशेतल्या फायली काढल्या. कारवाई झालेल्यांच्या बाबतीत शिकतानाच्या गैरवर्तनाच्या नोंदी सापडण्याची शक्यता तिप्पट. सगळ्यात घट्ट संबंध बेजबाबदारपणाचा, आणि चूक दाखवल्यावरही न सुधारण्याचा. मार्कांचा संबंध त्यामानाने किरकोळ. पुढे हा पेपर मी दर बॅचला शिकवायचो. शिकवताना दर वेळी मनात यायचं की फायली विद्यार्थ्यांच्याच होत्या, मास्तरांची फाइल कोणी काढली नव्हती.

तर, वॉर्डातलं वागणं शिकवता येतं का? आपल्याकडच्या नव्या कॉलेजांत ते बघावं कोणी? डॉक्टर नसलेल्यांनी जास्त लिहा.

फणसपोळी

बाप रे. "हात गरम करून" ला थांबले, पुढचं चहा करून आल्यावर वाचलं. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा) म्हणवत नाही.

मेट्रन_निवृत्त

सर, मी एकतीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची अकरा रत्नागिरी जिल्ह्यात. कुठला इंटर्न खरं बीपी लिहितो आणि कुठला खोटं, हे आम्हाला दोन रात्रींत कळायचं. त्यासाठी फाइल काढायला लागत नाही. रात्री वॉर्ड शांत असतो. पाऱ्याच्या यंत्राचं झाकण उघडलं की खट् वाजतं, कफ सोडला की चर्र होतं. तो आवाज आला नाही आणि चार्ट मात्र भरलेला, म्हणजे समजायचं. आणि खरं बीपी कधी सारखं येत नाही हो. ११६/७४ येईल, १२८/८६ येईल. आठ वेळा १२०/८० फक्त कागदाचं येतं.

मग आम्ही बोलायचो का? नाही. का नाही ते तुमच्या लेखातच आहे, सिस्टरला रडवायचे ना तुमचे सर? एका नाइटला चाळीस-पंचेचाळीस पेशंटना मी एकटी. त्यात डॉक्टरचं खोटं पकडून मोठ्या सरांना सांगितलं तर पुढच्या राउंडला माझ्याच ट्रॉलीत दोष निघणार.

तुम्ही विचारलंत की वागणं बघावं कोणी. अहो, बघणारे आहेतच. वॉर्डबॉय मामा बघतात, आया मावशी बघतात. पेशंटचं भांडं द्यायला सांगताना पोरगा 'ए' म्हणतो की 'मावशी' म्हणतो, यावरून पुढचं सगळं कळतं. त्या समितीत तीन डॉक्टर होते. सकाळी सहाला ज्या सिस्टरने तो गार हात धरला, तिला कोणी बोलावलं होतं का?

निवृत्त_शल्यक

नाही बोलावलं, ताई. तुम्ही लिहीपर्यंत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

शंकासूर

शिमग्यात आमचं काम भुंकायचं असतं, म्हणून भुंकतो. डॉक्टर, पगार घेताना गप्प, पेन्शनीत कबुली. टेम्पोतली माणसं उतरली तेव्हा का नाही बोललात? आणि कॉलेजचं नाव आजही झाकलेलंच. पोराला एक महिना शिक्षा झाली, तुम्हाला कितीची झाली? कलमं कशी आहेत यंदा?

निवृत्त_शल्यक

शंकासूर, भुंका. मला काहीच शिक्षा झाली नाही. दोन वर्षांनी बढती झाली.

का बोललो नाही? घराचं कर्ज होतं आणि मुलगी बारावीला होती. यापेक्षा उदात्त कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही. शिवाय अशा वेळी माणूस स्वतःला समजावतो की मान्यता गेली तर या शेकडो पोरांचं काय. त्या युक्तिवादात तथ्यही असतं, म्हणूनच तो उपयोगी पडतो.

कलमांना यंदा तुडतुडा (मोहोरावरची कीड) होता.

कुडाळचा_वकील

डॉक्टरसाहेब, स्पष्ट बोलतो, राग नसावा. निसटलेली गाठ तुमची, चार्ट इंटर्नचा, आणि चौकशीचे अध्यक्ष तुम्ही. कुठल्याही कोर्टात हे पहिल्या पाच मिनिटांत उडालं असतं. ज्याच्या कामावरही प्रश्न आहे, त्याने दुसऱ्याचा दोष ठरवायला बसू नये.

आता नियमांचं. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे भारतातले नियम २००२ चे आहेत. त्यात खोटं प्रमाणपत्र, खोटा अहवाल देणं हे गैरवर्तन आहे. दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे, मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे. २०२३ च्या २ ऑगस्टला नवे नियम आले आणि २३ ऑगस्टला स्थगितही झाले, म्हणजे पुन्हा २००२ वर. पण हे सगळं नोंदणी झालेल्या डॉक्टरला. इंटर्नला तात्पुरती नोंदणी असते, त्याच्या खालच्या विद्यार्थ्याला तीही नाही. तो कॉलेजच्या शिस्तीखाली. म्हणजे वॉर्डात पेशंटशी कसा वागतो याचा न्याय ज्या संस्थेचं नाव पणाला लागलंय तीच करणार.

अपवाद रॅगिंगचा. तिथे महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, यूजीसीचे २००९ चे नियम आहेत, मेडिकलसाठी वेगळे २०२१ चे. विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला छळलं तर ठाण्यापर्यंत जाता येतं. विद्यार्थ्याने पेशंटला 'हायड्रोसील' म्हटलं तर कुठे जाणार? तुमच्या शेजाऱ्यासारखं चहा पिताना सांगायचं.

संमतीवर मात्र निवाडा आहे, समीरा कोहली, सर्वोच्च न्यायालय, २००८. तपासणीसाठी भूल दिली आणि त्याच भुलेत गर्भाशय काढलं. कोर्ट म्हणालं, एका गोष्टीची संमती म्हणजे दुसरीची नव्हे. कॉलेजच्या हॉस्पिटलात भरती होताना छापील फॉर्मवर घेतलेली सही सगळ्याला पुरते असं समजणाऱ्यांनी तो वाचावा.

ड्युटीवर_आहे

इंटर्न आहे, कोकणातच, कॉलेज सांगत नाही. हे जेवताना टाइप करतोय.

सर, तुमचा लेख आवडला पण एक सांगू का? त्या इंटर्नच्या जागी मी रोज असतो. आमच्या वॉर्डात चालू स्थितीतलं बीपीचं यंत्र एक आहे. एकटाच असतो, मीच रक्त काढतो, मीच बाटल्या लॅबला नेतो, मामा नसले तर ट्रॉलीही मीच ढकलतो. बारा पेशंटना दर तासाला बीपी घ्यायचं म्हटलं तर तासाला एक वर्तुळ पूर्ण होतं आणि पुन्हा पहिल्यापासून. मध्ये एक सर्पदंश आला की संपलं.

मग चार्टचा रकाना रिकामा राहतो. सकाळी राउंडला रिकामा रकाना दिसला की सगळ्यांसमोर शिव्या. भरलेला दिसला की कोणी विचारत नाही, घेतलंस का. चार महिन्यांत एकदाही कोणी विचारलं नाही. आता सांगा, आम्हाला इथे काय शिकवलं जातंय?

एटकॉमचा तास दुपारी दोनला असतो. विषय होता 'सहानुभूती'. निम्मा वर्ग झोपला होता, मीही.

मी खोटं लिहिलंय का? एकदा. तुमचा लेख वाचून काल झोप लागली नाही, आणि झोप आम्हाला तशीही कमीच असते.

परदेशी_पावणा

ड्युटीवर_आहे, तुझ्या मुद्द्याला इतिहास आहे. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांत गेली. थकलेले, देखरेख नसलेले शिकाऊ डॉक्टर हा त्यानंतरचा मोठा वाद. अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांना आठवड्याला ८० तासांची मर्यादा देशभर यायला २००३ उजाडलं. म्हणजे डॉक्टरांच्या लेखातल्या चार्टचंच वर्ष. एकोणीस वर्षं लागली, आणि ८० तास ही काही चैन नव्हे.

निवृत्त_शल्यक

ड्युटीवर_आहे, बाळा, आधी जेव. मग हे वाच.

त्या प्रकरणानंतर मी एकच गोष्ट बदलली. माझ्या युनिटला सांगितलं की बीपी घेतलं नसेल तर रकान्यात 'घेतलं नाही' असं लिहा आणि खाली सही करा. त्याबद्दल मी ओरडणार नाही. न घेता लिहिलेलं सापडलं तर मात्र थिएटर बंद. आणि मी राउंडला रोज कुठल्याही एका खाटेपाशी थांबून स्वतः बीपी घेऊ लागलो. पाच मिनिटांचं काम. शेवटच्या नोंदीशी ताडून बघायचं, बोलायचं काही नाही.

पहिल्या महिन्यात चार्ट असे दिसायला लागले की विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पानंच्या पानं 'घेतलं नाही'. त्यांना वाटलं युनिट बिघडलंय. बिघडलेलं आधीपासूनच होतं, आता ते कागदावर आलं एवढंच. तीच पानं घेऊन मी डीनकडे गेलो आणि यंत्रं मागितली. चार मागितली, सहा महिन्यांनी दोन आली. रात्रीची दुसरी सिस्टर कधीच आली नाही.

फेकाफेक मात्र सुटायला वेळ लागला. ओरडणाऱ्या सर्जनला पोरं रात्री दोनला फोन करत नाहीत, सहाला करतात. मधले चार तास पेशंट भरतो. हे मला एका पीजीच्या मुलीने निरोप समारंभात सांगितलं, हसत हसत, सगळ्यांसमोर. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेची चेकलिस्ट आणली. तिच्यात चिरा देण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. आम्ही फार हसलो होतो, रोजची माणसं आणि नावं कसली सांगता. मग आमच्या थिएटरातल्या मामांनी नाव सांगितलं. नऊ वर्षं ते माझ्या थिएटरात दिवा फिरवत होते आणि मला त्यांचं आडनावच माहीत होतं. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती चेकलिस्ट वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती. २००९ च्या निष्कर्षांत मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते. सगळं श्रेय नावं सांगण्याला नाही, पण रात्री दोनचा फोन येतो तो नाव माहीत असलेल्या माणसांत.

वकीलसाहेब, तुमचं पूर्ण मान्य. समितीत मी बसायला नको होतं. तेव्हा ते कोणी बोललं नाही आणि मला ते सोयीचं होतं.

शेवंती_७२

डॉक्टर नसलेल्यांनी लिहा म्हटलंत म्हणून धीर करते. बायकांच्या विकारासाठी मी एका शिकवणाऱ्या हॉस्पिटलात होते. पडदा अर्धा. मॅडम तपासत होत्या आणि मागे सहा-सात मुलं-मुली. मॅडम इंग्रजीत काही म्हणाल्या आणि रांगेतला पहिला मुलगा पुढे आला. मला कोणी काही विचारलं नाही. मी डोळे मिटून घेतले. चौथीला एक मुलगी आली, तिने माझ्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "काकू, मी शिकतेय. तुम्हाला चालेल का? नाही म्हणालात तर मी पुढे जाईन." मी हो म्हटलं. पहिल्या तिघांनाही हो म्हटलं असतं हो. आपल्या मुलांना शिकायचं असतं एवढं आम्हाला कळतं. विचारलंच नाही ना.

ती मुलगी आता कुठे असेल देव जाणे. गणपतीत आरतीला तिचं नाव घ्यावंसं वाटतं, पण तेही माहीत नाही.

निवृत्त_शल्यक

शेवंतीताई, हे लिहिलंत, आभार. यावर मी फार बोलू नये, फक्त एक नोंद. भूल दिलेल्या पेशंटवर विद्यार्थ्यांनी अशी तपासणी शिकणं जगभर चालायचं, पेशंटला पत्ताही नसायचा. अमेरिकेच्या केंद्र सरकारने हॉस्पिटलांना त्यासाठी स्पष्ट लेखी संमती घ्या म्हणून बजावलं ते एप्रिल २०२४ मध्ये. म्हणजे हे मागासलेपणाचं लक्षण नव्हे, सवयीचं आहे. माझ्या थिएटरात मी ते बंद केलं, पण केव्हा? माझ्या स्वतःच्या बहिणीचं ऑपरेशन दुसऱ्या कॉलेजात झालं त्यानंतर.

आणि त्या मुलीला हे कोणी शिकवलं असेल? एटकॉमने शिकवलं असेल तर मी माझे वरचे टोमणे मागे घेतो.

कातळसडा

खऱ्या नोंदींवरून आठवलं. आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर. कोकणातला लाल विंचू चावला की माणसं फुफ्फुसात पाणी होऊन मरायची, लहान मुलं तर पटापट. या माणसाने बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात पेशंटच्या उशाशी रात्ररात्र बसून नाडी, बीपी, घाम, हातपाय गार पडणं हे सगळं टिपून ठेवलं. त्यातून दिसलं की विष आधी हृदय आणि रक्तदाबाशी काय करतं, आणि मग प्राझोसिन या साध्या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग. ऐंशीच्या दशकात ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ ला पद्मश्री मिळाली. बिरवाडीत कोणी रात्रभर १२०/८० लिहीत बसला असता तर? आमच्या घरात एक काकू कमी असत्या, एवढं नक्की सांगतो.

गजालीकर

अवांतर: सुश्रुतसंहितेत शिष्याने आधी कोहळा, दुधी अशा फळांवर छेद द्यायला शिकावं असं आहे, आणि त्याच्या पुढच्याच अध्यायात व्यवसायाला बाहेर पडताना नखं कापलेली, कपडे पांढरे, वेश भपकेबाज नको, असं वागण्याचंही. दोन अध्याय शेजारी शेजारी आहेत हे मला विशेष वाटतं.

आणि हल्लीचं रील प्रकरण? फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकात गदगला हॉस्पिटलात रील केल्याबद्दल ३८ विद्यार्थ्यांवर कारवाई झाली होती. त्याबद्दल डॉक्टर काहीच लिहीत नाहीत.

निवृत्त_शल्यक

रील वाईटच. पण रील दिसतं, म्हणून त्यावर लगेच कारवाई होते. १२०/८० दिसत नाही.

संपादक

फुरसं जास्त विषारी की घोणस यावरचे सोळा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कुठल्या कॉलेजाचं नाव ओळखून दाखवण्याची स्पर्धाही थांबवावी. तसे तीन प्रतिसाद उडवले आहेत.

फणसपोळी

सर, आता चेहऱ्याची हजेरी आली ना? मास्तरांना १ मे २०२५ पासून मोबाइलवर चेहरा आणि ठिकाण दाखवून हजेरी लावायची आहे असं वाचलं. इन्स्पेक्शनपुरते आणलेले भाड्याचे प्रोफेसर त्याने थांबतील का?

आणि खरं विचारायचं ते राहूनच गेलं. त्या इंटर्नचं पुढे काय झालं?

निवृत्त_शल्यक

हजेरीने मास्तर आवारात आहे एवढं कळेल. वॉर्डात आहे की केबिनमध्ये पेपर वाचतोय ते कोण सांगणार?

इंटर्नचं विचारलंत. गेले तीन दिवस तेच मनात होतं, म्हणून जुन्या विद्यार्थ्यांकडून नंबर मिळवून काल फोन केला. तो फिजिशियन आहे. कुठे ते लिहीत नाही, पण समुद्र जवळ आहे. हा धागा त्याने आधीच वाचला होता, कोणीतरी पाठवला होता म्हणे. मी म्हटलं, ते वाक्य मी इतिवृत्तात घेतलं नाही, त्याबद्दल फोन केलाय. तो म्हणाला, सर, मला तेव्हाच कळलं होतं, सहीला कागद माझ्यापुढेही आला होता. मग थोडा वेळ दोघंही काही बोललो नाही. पलीकडे ओपीडीचा गलका ऐकू येत होता.

मग म्हणाला, "सर, माझ्याकडे अजूनही कोणाचं बीपी खरंच १२०/८० आलं तर मी दुसऱ्या हातावर परत घेतो. कंपाउंडर हसतो मला."

त्या राजापूरच्या माणसाची त्याने चौकशी केली. मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं. गेल्या वर्षापर्यंत बागेत जात होता, म्हणाला.

मेट्रन_निवृत्त

त्या मुलाला सांगा, यंत्र वर्षातून एकदा तपासून घेत जा. दोन्ही हातांवर चुकीचं दाखवणारी पुष्कळ असतात.

ड्युटीवर_आहे

सर, काल रात्री पहिल्यांदा 'घेतलं नाही' लिहिलं. दोन रकान्यांत. सकाळी शिव्या पडल्या. मग रजिस्ट्रार मॅडमनी ड्रॉवरमधून त्यांचं स्वतःचं यंत्र काढून दिलं, म्हणाल्या, परत आणून दे. अजून परत मागितलेलं नाही.

निवृत्त_शल्यक

परत दे. न मागता दे.

आणि मंडळी, ज्याच्यामुळे हा धागा निघाला तो आमचा शेजारी आज फेरतपासणीला जाऊन आला. संध्याकाळी पडवीत येऊन बसला, भलताच खूश. म्हणाला, "डॉक्टरांनू, आज पोरान बरोबर इचारल्यान. काका, तुमचा नाव काय?"

मी म्हटलं, मग?

"मी म्हटलंय, हायड्रोसील."

मग काय झालं?

"लिवन घेतल्यान."